तासाची गर्दी : अजिंठा लेणी आणि खानदेशातून जाणारी वाट

अजिंठ्याची लेणी सरकारी नोंदीत सोयगाव तालुक्यात, म्हणजे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात मोडतात. तरीही जळगाव, भुसावळ, जामनेर, पाचोरा या पट्ट्यातील माणसाला ती परक्या मुलखातील वाटत नाहीत. जळगावहून नेरी, पहूर, वाकोद करत निघाले की साठेक किलोमीटरवर फर्दापूर येते. ज्या वाघूर नदीने घोड्याच्या नालेसारखी ही दरी कोरली, तिचेच पाणी पुढे धरणात अडवून जळगाव शहराला पुरवले जाते. १७ क्रमांकाच्या लेण्यातील शिलालेखात ऋषिक देशाच्या मांडलिक राजघराण्याचे दान नोंदलेले आहे, आणि हा ऋषिक देश म्हणजे आजचा खानदेश, असे वाकाटकांच्या इतिहासाचे अभ्यासक वा. वि. मिराशी यांनी मांडले आहे. लेण्यांतील चित्रांच्या प्रती काढण्यात उभे आयुष्य घालवणारा रॉबर्ट गिल १८७९ मध्ये वारला; त्याची कबर भुसावळात आहे.

या प्रकरणात खानदेशाला ओढण्याचे कारण मात्र अभिमान हे नाही. उत्तरेकडून रेल्वेने येणारा प्रवासी जळगाव किंवा भुसावळला उतरून याच रस्त्याने लेण्यांकडे जातो, आमच्या शाळांच्या सहली याच रस्त्याने जातात, आणि श्रावणातल्या रविवारी मोटारसायकलींच्या रांगा याच रस्त्याने निघतात. म्हणजे अजिंठ्यावर जी गर्दी होते, तिच्यातला बराच भाग आम्ही स्वतः आहोत. गर्दीबद्दल लिहिताना लिहिणारा स्वतःला वगळून लिहितो, हा दोष या विषयावरील बहुतेक लेखनात आढळतो. तो टाळता यावा म्हणून सुरुवात माझ्याच एका सहलीपासून करतो.

काही वर्षांपूर्वी पाचोरा परिसरातील एका माध्यमिक शाळेची सहल घेऊन मी डिसेंबरात अजिंठ्याला गेलो होतो. एसटीच्या तीन गाड्या, दीडशेच्या घरात मुले आणि आम्ही सहा शिक्षक. पायऱ्या चढून वर गेल्यावर समोर पहिले लेणे येते, म्हणून सगळी मुले पहिल्या लेण्यातच गेली. आमच्या आधी आलेल्या दोन शाळा तेथे होत्याच. आत प्रकाश जाणूनबुजून मंद ठेवलेला असतो, हे मुलांना आधी कोणी सांगितले नव्हते, आणि सांगायचे काम आमचे होते. एका मुलाने अहिराणीत मोठ्याने विचारले, "सर, आठे ते अंधारच शे, काय देखानं?" त्यावर हशा पिकला, चार-पाच जणांनी मोबाइलचे दिवे लावले, पहारेकरी ओरडला, आणि "चला, पुढे चला" या घोषात ओळ गाभाऱ्यापर्यंत जाऊन परत फिरली. हातात कमळ घेतलेल्या ज्या बोधिसत्त्वाच्या, म्हणजे पद्मपाणीच्या, चित्रासाठी जगभरातून माणसे येतात, त्याच्यासमोरून आमची दीडशे मुले पुढच्याच्या डोक्याकडे बघत निघून गेली. परतीच्या गाडीत त्यांच्या बोलण्यात होती ती वानरे, डोलीत बसलेले एक जाडजूड गृहस्थ आणि रंगीत दगड विकणारा माणूस. मुलांचे यात काहीच चुकले नाही. आम्ही त्यांना लेणी दाखवायला नेले नव्हते. हजेरी लावायला नेले होते.

आता त्या लेण्याच्या बाजूने पाहू. अजिंठ्याची चित्रे ओल्या चुन्यावर रंग मुरवण्याच्या युरोपीय पद्धतीने काढलेली नाहीत. खडकावर माती, दगडाची भरड, भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू कालवून केलेला गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग, अशी त्यांची रचना आहे. म्हणजे रंगाखालचा थर जवळजवळ आपल्या गावाकडच्या मातीच्या भिंतीसारखा आहे. तो ओल धरतो, वाळतो, पुन्हा ओल धरतो. या फुगण्या-आकसण्यात तो खडकापासून सुटत जातो, आणि त्यातला तूस व तंतू कसरीसारख्या किड्यांना खाद्य पुरवतात. पावसाळ्यात दरीतील हवा मुळातच दमट असते आणि खडकाच्या भेगांतून पाणी झिरपते, त्यामुळे सगळा दोष माणसांवर टाकता येत नाही. पण स्वस्थ उभा असलेला माणूससुद्धा श्वासातून आणि घामातून तासाला साधारण ५० ग्रॅम पाणी हवेत सोडतो आणि १०० वॉटच्या जुन्या दिव्याइतकी उष्णता देतो. ४० माणसे तासभर आत राहिली, तर सुमारे २ लिटर पाणी त्या बंद हवेत मिसळते. पायऱ्या चढून दमून आलेल्यांच्या बाबतीत त्याहून अधिक. विहाराची रचनाच अशी असते की आतील चौकोनी दालनाला आणि मागच्या गाभाऱ्याला हवा मिळते ती पुढच्या तोंडांनीच. तीनशे माणसे एकदम आत गेली की काय होते, ते चष्मा लावणाऱ्या कोणालाही काचेवर दिसते.

यावर नियम नाही असे नाही. चित्रे असलेल्या मुख्य लेण्यांत, म्हणजे १, २, १६ आणि १७ क्रमांकांत, एका वेळी ४० जणांनाच प्रवेश द्यावा, असा नियम आहे. फ्लॅशला बंदी आहे, पादत्राणे बाहेर काढावी लागतात, दिवे उष्णता न देणारे बसवले आहेत. नियम ज्यांनी केले त्यांना लेणे कळत होते, हे स्पष्ट आहे. प्रश्न तो आकडा सुटीच्या दिवशी कोठे जातो, हा आहे.

त्यासाठी एक साधे गणित मांडतो. लेणी सकाळी ९ ते सायंकाळी साडेपाचपर्यंत उघडी असतात, म्हणजे साडेआठ तास. प्रत्येक गटाला १५ मिनिटे दिली, तर दिवसाला ३४ गट होतात आणि एका लेण्यातून १,३६० माणसे नियम न मोडता जाऊ शकतात. सोमवारची सुटी वगळता वर्षात ३१३ दिवस धरले, तर हा आकडा सव्वाचार लाखांच्या वर जातो. अजिंठ्याला वर्षभरात येणारे पर्यटकही काही लाखांतच मोजले जातात. म्हणजे वार्षिक अहवाल हातात घेऊन बसलेल्या अधिकाऱ्याला अजिंठ्यावर अतिपर्यटन आहे असे वाटणारच नाही. सरासरीने सगळे नियमात बसते. पण एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा जळगाव-भुसावळचा पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर असतो, तेव्हा दुपारी लेण्यांत शुकशुकाट असतो; आणि दिवाळीची सुटी, नाताळचा आठवडा, डिसेंबर-जानेवारीतील सहली, जोडून आलेल्या सुट्या आणि सातकुंडाचा धबधबा वाहू लागल्यानंतरचे रविवार, एवढ्या थोड्या दिवसांत दिवसाला हजारोंनी माणसे येतात. त्यातही सकाळी साडेदहा ते दुपारी दोन हीच वेळ सगळ्यांची असते, कारण सगळे आपापल्या गावाहून सकाळी निघालेले असतात. गर्दी वर्षाने मोजली की हरवते. ती तासाने मोजावी लागते, आणि प्रत्येक लेण्याच्या दाराशी मोजावी लागते. त्यात १५ वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. त्यामुळे सर्वांत मोठा भार टाकणाऱ्या आमच्या सहली तिकिटाच्या जमेत दिसतच नाहीत.

आता व्यवस्थेकडे येतो, कारण या प्रकरणाची गोम तेथे आहे. १९८३ मध्ये ही लेणी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. तेव्हा आणि त्यानंतरही बरीच वर्षे मोटारी आणि बस थेट लेण्यांच्या पायथ्याशी जात, आणि दुकानेही तेथेच थाटलेली असत. जपानच्या कर्जावर उभ्या राहिलेल्या अजिंठा-वेरूळ संवर्धन व पर्यटन विकास प्रकल्पाचा पहिला करार १९९२ मध्ये झाला, दुसरा २००३ मध्ये. त्या प्रकल्पातून जी कामे झाली, त्यांत फर्दापूरच्या टी-पॉइंटवर वाहने थांबवून पुढचे सुमारे ४ किलोमीटर एसटीच्या बसने न्यायचे, हा निर्णय मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. दरीतला धूर गेला, हॉर्न गेले, दुकाने खाली आली, डोंगरावर झाडे लावली गेली. आज जो माणूस ही व्यवस्था गैरसोयीची म्हणून नावे ठेवतो, त्याने जुना पायथा पाहिलेला नसतो.

पण या व्यवस्थेने गर्दी हाताळली ती वाहनांची. माणसांची गर्दी तिने एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी ठेवली. सुटीच्या दिवशी टी-पॉइंटवर बससाठी रांग लागते, लहान मुले रडतात, म्हातारी माणसे उन्हात तिष्ठतात, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात "पर्यटकांचे हाल" असा मथळा येतो, आणि मागणी होते ती जादा बस सोडण्याची. ही मागणी मान्य होते तेव्हा रांग मोडते, हे खरे. पण ती मोडते म्हणजे चार किलोमीटर पुढे सरकून पहिल्या लेण्याच्या दाराशी उभी राहते. तेथे चार-दोन पहारेकरी, समोर पाचशे माणसे, आणि त्यांतला प्रत्येक जण दोन तास रांगेत काढून आलेला. अशा वेळी "चाळीसच आत जा" असे म्हणण्याची ताकद कोणत्या पहारेकऱ्यात असेल? नियम मोडतो तो तेथे, आणि त्याचा दोष त्या पहारेकऱ्यावर जातो. प्रत्यक्षात तो नियम सकाळी फर्दापूरलाच मोडलेला असतो.

गंमत अशी की ज्या बसबद्दल एवढी ओरड होते, ती बस हेच येथले सर्वांत चांगले मोजमाप आहे. एका बसमध्ये साधारण चाळीस-पंचेचाळीस माणसे बसतात. एक बस म्हणजे एका लेण्याचा एक गट. किती वेळाने किती बस सोडायच्या, हे टी-पॉइंटवरची रांग पाहून न ठरवता लेण्यांच्या दाराशी असलेली गर्दी पाहून ठरवले, तर निम्मा प्रश्न पायऱ्या चढण्याआधीच सुटेल. मात्र बस चालवणारे खाते वेगळे, लेणी सांभाळणारे खाते वेगळे, आणि टी-पॉइंटवरील दुकाने व वाहनतळ पाहणारे आणखी वेगळे. प्रत्येक खाते आपापल्या दाराशी रांग राहू नये, एवढ्याचीच काळजी करते आणि रांग पुढच्याच्या दाराशी जाते.

लेण्यांचे नुकसान करणाऱ्यांत वाईट हेतूची माणसे फार थोडी होती, हे येथल्या इतिहासात वारंवार दिसते. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास लष्करातील अधिकारी जॉन स्मिथ येथे आला आणि दहाव्या लेण्यातील खांबावर आपले नाव व तारीख कोरून गेला. अजिंठ्याच्या आधुनिक इतिहासातील पहिल्या पाहुण्याची पहिली नोंदलेली कृती ही अशी आहे. त्यानंतर मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून विद्यार्थ्यांसह प्रती काढल्या, तेव्हा रंग उजळून दिसावेत म्हणून चित्रांना वॉर्निश लावले गेले. पुढे १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ आणले. त्यांनी सुटू पाहणारा गिलावा भिंतीला पुन्हा घट्ट बसवला, हे त्यांचे मोठे उपकार, पण त्यांनी लावलेले लाखेचे वॉर्निश कालांतराने पिवळट-काळे पडले आणि ते उतरवण्यात पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना अनेक दशके घालवावी लागली. चित्र नीट दिसावे, या इच्छेनेच चित्र झाकले गेले. आज मोबाइलचा दिवा लावणाऱ्या मुलाची इच्छाही तीच असते.

प्रतिकृतीचा उपाय येथे करून पाहिलेला आहे, आणि त्याची कथा सांगितल्याशिवाय हे प्रकरण पुरे होत नाही. फ्रान्समधील लास्को येथील आदिमानवाची चित्रे असलेली गुहा १९४० मध्ये सापडली. माणसांच्या श्वासाने भिंतींवर शेवाळ आणि क्षारांचे थर दिसू लागल्यावर ती १९६३ मध्ये लोकांसाठी बंद करण्यात आली आणि १९८३ मध्ये शेजारीच तिची प्रतिकृती उघडली. त्याच धर्तीवर फर्दापूरला भव्य अभ्यागत केंद्र बांधण्यात आले. त्यात १, २, १६ आणि १७ या चारही लेण्यांच्या प्रतिकृती केल्या. २०१३ मध्ये केंद्र सुरू झाले आणि काही वर्षांतच पाणी-विजेच्या थकलेल्या देयकांपायी बंद पडले. कोट्यवधी रुपयांच्या इमारतीला पाणीपट्टीने हरवावे, याला काय म्हणावे! पण देयके भरली गेली असती तरी एक अडचण उरलीच असती. लास्कोत प्रतिकृती पाहायची कारण मूळ गुहा बंद आहे; अजिंठ्यात मूळ लेणे चार किलोमीटरवर उघडे असताना प्रतिकृतीसाठी वेगळा वेळ कोण काढणार? ते केंद्र बसच्या रांगेचाच भाग करायला हवे होते. ज्याला तासभर थांबायचे आहे, त्याने उन्हात न थांबता तेथे थांबावे, पद्मपाणी कोणता, जातककथा कोणती, छत पाहायचे म्हणजे काय, हे उजेडात निवांत समजून घ्यावे आणि मग आत १५ मिनिटांत नेमके पाहावे. माझ्या दीडशे मुलांना तासभर तेथे बसवले असते, तर अंधाराची तक्रार झाली नसती.

फर्दापूरच्या लोकांची बाजूही लक्षात घेतली पाहिजे. दगड, मूर्ती, पुस्तके विकणारे, डोली वाहणारे, मार्गदर्शक, चहा-नाश्त्याची दुकाने चालवणारे, या सर्वांचे वर्ष त्या मोजक्या गर्दीच्या दिवसांवर चालते. मार्च २०२० मध्ये लेणी बंद झाली आणि डिसेंबरात उघडली, तेव्हा लेण्यांना विश्रांती मिळाली असेल. फर्दापूरच्या घरांत मात्र चुली विझायची वेळ आली. म्हणून "माणसे कमी करा" हा उपाय शहरात बसून सुचवायला सोपा आहे. येथे माणसे कमी करायची गरज वरील गणितावरून दिसत नाही. ती पसरवायची गरज आहे. सहलींना डिसेंबरातला रविवार न देता मंगळवार ते शुक्रवार द्यावेत आणि एका दिवशी किती शाळा, हे शिक्षण विभागाने परवानगी देतानाच ठरवावे. तिकिटावर वेळ छापावी आणि ती पाळावी. निम्म्या गटांनी पहिल्या लेण्याऐवजी २६ क्रमांकाच्या लेण्यातील निर्वाणस्थ बुद्धापासून सुरुवात करून उलटे यावे. वाटेत ८ क्रमांकाजवळ नदीवरचा पूल आहेच. यातले काहीही नव्याने बांधावे लागत नाही, आणि बहुधा म्हणूनच ते होत नाही.

पसरवण्याचा दुसरा अर्थ लोक असा घेतात की पर्यटकांना पितळखोरे आणि घटोत्कच या लेण्यांकडे किंवा पाटणादेवीकडे वळवावे. मला याची धास्ती वाटते. चाळीसगावहून पाटणादेवीला जाणारा माणूस चंडिकेचे दर्शन घेतो, भास्कराचार्यांच्या नातवाच्या मठाचा शिलालेख याच पाटणचा, हे ऐकतो, आणि पावसाळ्यात तेथून जंगलाच्या वाटेने पितळखोऱ्याकडे निघतो. पितळखोऱ्याचा खडक अजिंठ्यापेक्षा ठिसूळ आहे, दर्शनी भाग बराचसा ढासळलेला आहे, खांबांवर जुन्या चित्रांचे तुकडे हाताच्या अंतरावर आहेत आणि ते हाताने चाचपणाऱ्याला अडवायला बहुतेक वेळी कोणी नसते. अजिंठ्याला निदान ४० हा आकडा आहे. पितळखोऱ्याला तोही नाही. अजिंठ्याचा भार तिकडे ढकलणे म्हणजे टी-पॉइंटची रांग पहिल्या लेण्याशी नेण्यासारखेच आहे.

दरम्यान वाट रुंद होत आहे. पाचोरा-जामनेर ही पी.जे. नावाची छोटी गाडी २०२० मध्ये थांबली, जिच्यातून पहूरला उतरून कधी काळी प्रवासी अजिंठ्याला जात. आता तिच्याहून मोठे काही येणार आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १७४ किलोमीटर लांबीच्या जालना-जळगाव रेल्वेमार्गाला मंजुरी दिली, आणि अजिंठा लेणी रेल्वेने जोडली जाणार, हे त्या मंजुरीच्या घोषणेतच सांगितले गेले. जळगावात या बातमीने आनंद झाला. मलाही झाला, कारण या रेल्वेची मागणी जुनी आहे आणि ती केवळ लेण्यांसाठी नाही. कापूस, केळी, मका या सगळ्यांना तिचा उपयोग आहे. पण एका गाडीतून दोनशे माणसे एकदम उतरली, तर ते पाच गट होतात, आणि पाचव्या गटाने पहिल्या लेण्यात पाऊल टाकेपर्यंत पहिल्या गटाला आत जाऊन एक तास झालेला असतो. गाडी त्या स्थानकावर किती वाजता थांबणार, सुटीच्या दिवशी जादा गाडी सोडायची का, आणि उतरलेल्यांना फर्दापूरला कोणी, कसे न्यायचे, हे ठरवणारे वेळापत्रक अजून तयार व्हायचे आहे. ते करायला बसणाऱ्यांच्या टेबलावर लेण्यांच्या पहारेकऱ्याकडचा तो ४० चा आकडा आधीच ठेवलेला असावा, एवढी मागणी जळगावकरांनी रेल्वेच्या मागणीबरोबरच करायला अजून उशीर झालेला नाही.